हात जाईल तिथे पाना

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे घरातल्या आणि गाडीतल्या हत्यारांबद्दल. म्हणजे पाने, पक्कड, हातोडी, करवत, स्क्रू ड्रायव्हर, जॅक, टॉमी म्हणजे फिरवायचा लोखंडी दांडा, आणि कोयता. कोयता मी मुद्दाम यादीत घेतलाय. गाडी कितीही लाखांची असू दे, चारही चाकांना ताकद देणारी असू दे, जुलैत घाटात आडव्या पडलेल्या फांदीपुढे ती उभीच राहते. तिथे कोयताच लागतो.

सांगायचं एकच आहे, आणि ते मी आज दोनतीनदा सांगणार आहे. हत्यार कुठे ठेवायचं हे ठेवणाऱ्याच्या सोयीने ठरवू नका, शोधणाऱ्याच्या सोयीने ठरवा. ठेवणारा दुपारी, उजेडात, चहा पिऊन निवांत ठेवत असतो. शोधणारा रात्री, पावसात, वीज गेलेली असताना शोधत असतो. बऱ्याचदा माणूस तोच असतो, पण वेळ तीच नसते.

आधी गंजाचं बोलून घेऊ, कारण आपल्या कोकण किनाऱ्यावर राहून गंजाला टाळून पुढे जाता येत नाही. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मीठ या कामाला घाई लावतं, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. आता गंमत बघा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात तुमच्या मिठाच्या बरणीत होतं तेच पान्यावर बसलेल्या खाराच्या कणाचं होतं. आणि जुलै-ऑगस्टात आपल्याकडची हवा त्या आकड्याच्या खाली उतरते कधी? "पाना कपाटात होता हो, थेंबसुद्धा लागला नव्हता, तरी गंजला" अशी तक्रार असते ना, तिचं कारण हे आहे.

म्हणून वर्षातून दोन दिवस ठरवून टाका. मृगाच्या आधी तेलाचा हात आणि खंडेनवमीला झाडाझडती. पुन्हा सांगतो, मृगाआधी तेल, खंडेनवमीला झाडाझडती. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतोच. त्या दिवशी प्रत्येक हत्यार हातात येतं, तेव्हा ते पुसा, गंज असेल तिथे काथ्याने नाहीतर पॉलिश पेपरने घासा आणि मग मांडा. आणि एक विनंती, पूजेचं कुंकू पाण्यात कालवून पान्यांवर लावू नका. कोरडं वाहा. देव रागावणार नाही, पाना मात्र गंजेल.

तेल कुठलं, तर मशीनचं साधं तेल पुरतं. क्वचित लागणाऱ्या हत्यारांना ग्रीसचा पातळ हात द्या. फवाऱ्याच्या डब्यांवर लोकांची फार श्रद्धा असते. त्यातला डब्ल्यूडी-४० तर १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत, क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून तयार झाला. नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. पण त्याचं मुख्य काम पाणी हटवणं. मागे राहणारा थर पातळ असतो. त्याच्या भरवशावर आपला चार महिन्यांचा पाऊस निघत नाही.

आता घरातली जागा. जांभ्याची भिंत पावसात ओल धरते, तिला टेकलेलं हत्यारही ओल धरतं. मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या गुरा-सामानाच्या खोपीत, किंवा पडवीत एक फळी अशी ठोका की तिच्या मागे दोन बोटं हवा खेळेल. फळीवर खिळे, खिळ्यांवर हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराभोवती रंगाने त्याची बाह्यरेषा. रिकामी आकृती दिसली की पक्कड जागेवर नाही हे लांबूनच कळतं. गोणपाटात गुंडाळून काही ठेवू नका, गोणपाट पाणी धरून बसतं. आणि विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, फरशी धुवायचं ॲसिड, खताची पोती, यातलं काहीही त्या खोलीत नको. डबा नीट बंद आहे असं आपल्याला वाटतं, पण त्याची वाफ लोखंडाला शोधत येते.

मांगरावरून आठवलं. हल्ली मांगर पाडून तिथे दोन खोल्या बांधतात आणि पाहुण्यांना भाड्याने देतात. पैसे मिळतात, मी नाही म्हणत नाही. पण मग पहार, टिकाव, शिडी, नांगराचे फाळ, रहाटाची दोरी हे सगळं जातं कुठे? जिन्याखाली! आणि मग पाहुण्यांच्या नळाचा वायसर बदलायचा तर पाना मिळत नाही म्हणून माणूस फटफटी घेऊन कणकवलीला जातो. असो.

मला खरं तर तुम्हाला मामाच्या जीपची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या मामाकडे देवगडच्या बाजूला एक जुनी हूडची जीप होती. मागे समोरासमोर दोन बाकं, मध्ये पत्र्याची जमीन. मामाचं घर सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळी पठाराच्या, पलीकडे, आणि गणपतीची शाळा अलीकडच्या वाडीत. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, ज्या चित्रशाळेत मूर्ती करतात तिला आमच्याकडे नुसती शाळा म्हणतात. तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही जीप घेऊन गणपती आणायला गेलो. मूर्ती शाडूची, चांगली दीड हात उंच. आता ती ठेवायची कुठे? बाकावर ठेवली तर हिंदकळेल. मग मामाने डोकं लढवलं. हत्यारांची पत्र्याची पेटी मधोमध होतीच. तिच्यावर फळी, फळीवर गवताचा भारा, त्यावर पाट आणि पाटावर बाप्पा, तोंडावर नवा पंचा. मामा खूष. मी बाकावर पाटाची कड धरून बसलो होतो आणि मलाही ती व्यवस्था फार पसंत पडली होती.

सड्याच्या मधोमध फट्ट!

टोकदार जांभा टायरात घुसलेला. पाऊस असा की समोरचा माणूस दिसू नये. मामा म्हणाला, "काय नाय, धा मिन्टांचा काम." खाली उतरला. स्टेपनी मागे लटकलेली होती, ती काढली. मग माझ्या मामेभावाने विचारलं, "जॅक खंय आसा?"

"पेटयेत."

"आणि पाना?"

"पेटयेत."

"पेटी खंय आसा?"

मामा काही बोलला नाही. त्याने फक्त बोट दाखवलं. बाप्पाकडे.

आता करायचं काय? शाडूची माती पाण्यात विरघळते, म्हणून तर विसर्जनाला बरी. पण विसर्जनाला अजून अवकाश होता! मूर्ती बाहेर काढली तर वरून पाऊस. आत उचलून धरावी तर हूड एवढं खाली की माणूस सरळ उभा राहत नाही. आणि खाली सगळीकडे पाणी साचलेलं. मामी पुढच्या सीटवरून ओरडली, "देवाक चिखलात ठेवलात तर घराक येव नकात!"

इतक्यात एक गुराखी आला. डोक्यावर इरलं, हातात माटवीचं सामान, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची हरणं, कवंडळं, तेरडा अशी रानफुलं-फळं, आणि पाठीमागे कमरेच्या आकडीत कोयता. त्याने परिस्थिती बघितली आणि काही न विचारता उजवा हात मागे नेला. श्रोतेहो, हे नीट ऐका, त्याने मान वळवली नाही. खाली बघितलं नाही. हात मागे गेला तो कोयता घेऊनच पुढे आला. कुड्याच्या फांद्या सपासप तोडल्या, एका सपाट कातळावर अंथरल्या, स्वतःचं इरलं काढून माझ्या वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाला, आणा देवाला. चौघांनी पाट उचलला, दोघांनी छत्र्या धरल्या, आणि बाप्पा त्या भर सड्यावर कुड्याच्या पानांवर इरल्याखाली बसले. गुराखी उघडा भिजत उभा.

पेटी मोकळी झाली. पण पेटीला कुलूप! मामाचा गावावर विश्वास होता, पाने मागून नेणाऱ्यांवर नव्हता. चावी करगोट्याला. भिजलेल्या कपड्यांतून ती निघता निघेना. मामी तिकडे तोंड फिरवून बसली. शेवटी कुलूप उघडलं, तर आत काय? वर खिळ्यांचा पुडा, त्याखाली बिजागऱ्या, गळाची शिसं, सायकलची साखळी, पंपाचे जुने वायसर, अर्धी करवत. मामा एकेक वस्तू बाहेर काढतोय आणि बॉनेटवर मांडतोय. जॅक सापडला. टॉमी सापडली. चाकाचा पाना अगदी तळाशी, गंजून पेटीच्या पत्र्याला चिकटलेला. तो हातोडीने ठोकूनच सुटणार होता. हातोडी कुठे? ती घरी, मांगरात.

गुराख्याने कोयता उलटा धरून मुठीकडून पाना ठोकला आणि सोडवून दिला. मग कोयता परत आकडीत अडकवत म्हणाला, "तुमचा हत्यार देवाच्या खाली, माजा कमरेक." एवढंच बोलला, इरलं घेतलं आणि गेला. मामीने त्याला आरतीला बोलावलं. तो आलाही, आणि मामाकडे बघून हसत राहिला.

पुढच्या मृगाच्या आत मामाने ती पेटी मोडीत काढली. जाड ताडपत्रीचा एक पट्टा शिवून घेतला, त्याला मापाने कप्पे, दहाचा म्हणजे दहा मिलिमीटरचा पाना, बाराचा, तेराचा, चौदा, सतरा, एकोणीस, मग पक्कड, मग स्क्रू ड्रायव्हर. पट्टा गुंडाळून ड्रायव्हरच्या पाठीमागे बांधला. जॅक, टॉमी आणि चाकाचा पाना पुढच्या सीटखाली, रबरी पट्ट्याने आवळून. आणि मग मामा आम्हा पोरांची परीक्षा घ्यायचा. रात्री जेवणं झाली की म्हणायचा, दिवा न लावता जा आणि चौदाचा पाना आण. आणला तर पास. चाचपडत बसलात तर पट्टा पुन्हा लावा, कप्पा बदला, परत करा. तुम्हीही आज रात्री हे करून बघा. डोळे मिटून पाना. मोबाइलची बॅटरी लावायची नाही. गाडीखाली झोपून एका हाताने मोबाइल धरणारा माणूस एका हातानेच काम करतो, माझं याबद्दलचं मत फार वाईट आहे.

आता माझी वेळ थोडी उरलीय, तेव्हा गाडीचं भराभर.

जड वस्तू खाली आणि बांधलेली. टपावर नाही, मागच्या काचेपाशी नाही. साठच्या वेगात ब्रेक दाबलात तर गाडी थांबते, मोकळी हातोडी साठनेच पुढे येते. साच्याच्या प्लॅस्टिक पेट्या दुकानात छान दिसतात, पण आतला खड्डा एकाच हत्याराच्या मापाचा असतो आणि खडबडीत रस्त्यावर झाकण उघडून सगळं सांडतं. त्यापेक्षा कापडी पट्टा बरा. वाजत नाही, आणि ओला झाला तर वाळत घालता येतो. वाळत घाला मात्र! ओल्या पट्ट्यात गुंडाळलेला पाना म्हणजे गोणपाटातलाच पाना.

जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळीचा तुकडा हवाच, मऊ जमिनीत नुसता जॅक आत जातो आणि गाडी तिथेच राहते. मोठे टायर बसवले असतील तर कंपनीचा जॅक पुरेसा उंच उचलतो का, हे घरी अंगणात बघा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असताना. आणि दुसऱ्या चाकाला दगड लावायचा.

पुळणीवर गाडी नेणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, कारण पुळणीवर गाडी नेऊच नये. वेळास-आंजर्ल्याकडे त्याच वाळूत कासवं अंडी घालतात, आणि भरतीला तुमच्या गाडीची किंमत माहीत नसते. तरीही खारं पाणी लागलंच, तर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुताना हत्यारांचा पट्टासुद्धा उलगडून धुवा. तो सगळे विसरतात.

शेजाऱ्याला हत्यार देताना फळीवर त्या खिळ्याला त्याच्या नावाची चिठ्ठी अडकवा. तो रागावला तर रागावू दे, दहाचा पाना परत येईल. दहाचाच सगळ्यात आधी हरवतो, आणि बॅटरीचं टर्मिनल बहुतेक गाड्यांत दहाच्याच पान्याने सुटतं.

आणि हो, स्टेपनीतली हवा. ती मामाच्या जीपमध्येसुद्धा कधी बघितलेली नसायची. आज पेट्रोल भराल तेव्हा तपासून घ्या. नमस्कार.