हवरामान तख्त : गडग्यांवर उभं गाव

इराणच्या पश्चिम टोकाला, इराकच्या सीमेलगत हवरामानचे डोंगर आहेत. समोर दिसतंय ते हवरामान तख्त, कुर्दी लोकांचं गाव. खालच्या घराचं माळवद हेच वरच्या घराचं अंगण. भिंती बिनचुन्याच्या, दगडात दगड बसवून रचलेल्या.

आता जरा गावाखाली बघा. इथं सपाट जमीन नव्हतीच. लोकांनी उतारावर गडगे घातले, गडग्यांमागे माती भरली आणि त्या अरुंद पट्ट्यांत अक्रोड, डाळिंबं, द्राक्षं लावली. हे कष्ट किती जुने? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवरामानमधल्याच एका गुहेत चामड्यावर लिहिलेले तीन दस्त सापडले. दोन ग्रीक भाषेत, एक पार्थियन या प्राचीन इराणी भाषेत. सर्वांत जुना इसवी सनापूर्वी ८८ सालचा. आणि मजकूर? द्राक्षमळ्याचं खरेदीखत, साक्षीदारांच्या नावांसकट! एवढ्याशा मळ्याला तेव्हाही केवढं मोल होतं.

हिवाळ्याच्या मध्यावर इथं पीर शालियार या जुन्या काळच्या संताच्या लग्नाचा उत्सव होतो. आमंत्रण म्हणून घरोघर अक्रोड वाटतात. मग डफ वाजू लागतात आणि पुरुष हातात हात गुंफून माळवदांवर डोलत राहतात. उन्हाळा आला की बरीच कुटुंबं शेळ्यामेंढ्या घेऊन वरच्या चराईकडे जातात. तिथल्या दगडी वस्तीला ‘हवार’ म्हणतात.

सीमेपलीकडे, इराकमध्ये, तवेला आणि बियारा ही गावं. बोली तीच, हवरामी. रोजगार नाही म्हणून अलीकडचे तरुण पाठीवर माल बांधून हे डोंगर ओलांडतात. त्यांना कोलबर म्हणतात. कित्येक जण सीमारक्षकांच्या गोळीला बळी पडलेत, कित्येक बर्फाखाली गाडले गेलेत.

खाली सिरवान नदीवर दर्यान धरण झालं आणि हजीज गावाजवळचा बेल हा मोठा झरा जलाशयात बुडाला. पुढे २०२१ साली युनेस्कोनं हवरामानच्या बारा गावांना जागतिक वारशात स्थान दिलं. त्याचा आनंद आहेच. पण हा वारसा म्हणजे रोज राबणारे हात. बर्फ वितळलं की गडगा फुगतो, दोन-चार दगड निसटतात. ते वेळीच परत बसवले नाहीत, तर पुढच्या पावसात पट्टीतली माती नदीला जाते. म्हणून आम्हाला वाटतं, या तरुणांना गावातच चार पैसे मिळायला हवेत, मळ्यातून, अक्रोडातून, हातानं विणलेल्या ‘क्लाश’ नावाच्या पायताणांतून.