दोन बेडकांची हृदयं

काचेच्या नळीला बांधलेलं बेडकाचं हृदय. शरीराबाहेर काढलंय, तरी क्षारांच्या पाण्यावर धडधडतंय. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी अशी दोन हृदयं मांडली. एकाला व्हेगस हा मज्जातंतू जोडलेला, दुसऱ्याचा काढून टाकलेला.

त्या काळी वाद होता: मज्जातंतूचा संदेश पुढच्या पेशीपर्यंत पोचवतं कोण, वीज की रसायन? लोवींना प्रयोग सुचला तो झोपेत. अर्धवट जागे होऊन त्यांनी तो खरडून ठेवला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा गृहस्थ तडक प्रयोगशाळेत गेले. निदान ते स्वतः तरी असंच सांगत.

व्हेगसला विजेचा झटका दिला. पहिलं हृदय मंदावलं. त्यातलं पाणी दुसऱ्या हृदयात सोडलं. तेही मंदावलं. त्याला तर मज्जातंतूच नव्हता! निरोप आला होता पाण्यातून. १९२१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. १९३६चं नोबेल लोवी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांना विभागून मिळालं.

आपल्या शरीरातही हेच रसायन हृदयाला आवर घालतं, लाळ सोडतं, स्नायू आखडवतं. पण निरोप पोचला की तो पुसावाही लागतो. ते काम कोलिनएस्टरेज या विकराचं (एन्झाइमचं), आणि ते क्षणार्धात उरकतं. मला विचाराल तर खरी कमाल इथे आहे.

हा विकरच बंद पडला तर? ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं तेच करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काही दगावले. तिथे वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस हे याच गटातलं होतं. अशा विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, दंडाचं मांस आपोआप फडफडतं, छातीत पाणी दाटतं.

दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन टोचतात. ते अ‍ॅसिटिलकोलीन नष्ट करत नाही, त्याची बसायची जागा अडवतं. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहतात आणि घरघर थांबेपर्यंत डोस वाढवत नेतात. स्नायूंवर मात्र अ‍ॅट्रोपिनची मात्रा चालत नाही. श्वासाचे स्नायू थकले, तर रुग्णाला व्हेंटिलेटरवरच ठेवावं लागतं.