हरी हरी करत बसा

(दृश्य : दिवे घाट. खालून वर सरकणारी पांढरी रांग.)

पुण्याहून सासवड. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चालायचं आणि शेवटी हा घाट. त्यात एकादशी, म्हणजे पोटात भगर नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्यात. माणसांना जादा काही नाही.

आता टोप्यांखालचे चेहरे बघा. मिशा बघा. काळी शोधावी लागते.

(दृश्य : वीणेवरचा हात, अगदी जवळून.)

हे परभणीकडचे. दिंडीत सगळे त्यांना बाबा म्हणतात. वय विचारलं तर म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मला दोन लेकरं होती. करा हिशेब."

याच माणसाला घरी सांगतात, "खूप केलंत. आता हरी हरी करत बसा."

म्हातारपणाला आपल्याकडे शब्द बक्कळ आहेत. पिकलं पान, साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, गोवऱ्या मसणात गेल्या. यातला घाव निदान दिसतो तरी. 'हरी हरी करत बसा' मात्र मायेनं म्हटलं जातं, म्हणून त्याला उलटून बोलता येत नाही. तिजोरीची किल्ली सुनेकडे जाते, सातबारा मुलाच्या नावावर होतो, बैल विकले जातात. मग उरतो ओटा. सगळा जोर 'हरी'वर नसतो, 'बसा'वर असतो.

अमेरिकेत हेच शास्त्र म्हणून मांडून झालंय. कॅन्सस सिटीतल्या लोकांच्या अभ्यासावरून इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये लिहिलं की उतारवयात माणूस समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो, आणि यात दोघांचंही भलं असतं. त्याच अभ्यासात काम केलेल्या रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, माणसाच्या गरजा तशाच राहतात, अंग काढून घेतो तो समाज. पुढं १९६९ मध्ये रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी नुसत्या वयावरून माणसाला मोडीत काढण्याला 'एजिझम' हे नाव दिलं.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. ते चढावर होते.

(दृश्य : दिंडी, वरून. मग पुढून मागे.)

दिंडी म्हणजे गर्दी नव्हे. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागं वीणा, त्यामागं डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया. अभंग वीणेकऱ्यानं धरायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा. सकाळी काकडा, भूपाळ्या, वासुदेव, दुपारी वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. हा क्रम बाबांच्या डोक्यात आहे, वही नाही. वाटेत कुणी भलताच अभंग सुरू केला तर ते बोलत नाहीत, नुसती मान वळवतात.

चालताना वीणा खाली ठेवत नाहीत. थकवा आला तर दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. हे बघा, समोरचा पोरगा विशीतला आहे. बाबा त्याच्या पायाशी वाकले, तो बाबांच्या. वीणा पोरानं घेतली. बाबांनी चहा प्यायला, उभ्यानंच, आणि कप टाकायच्या आधी हात पुढं केला.

(दृश्य : संध्याकाळ. पालखीतळ, समाजआरती.)

आमच्या सगळ्या चित्रीकरणात मला हा भाग आवडतो. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, टाळ-मृदंगाचा कल्लोळ. चोपदार दंड उंच करतो. एका क्षणात सगळं गप्प.

एक सोडून. ऐका. उजवीकडे कुठंतरी टाळ वाजतच आहेत. तो हट्ट नाही, ती तक्रार आहे. ज्या दिंडीवर अन्याय झाला असेल तिनं टाळ थांबवायचे नाहीत, आणि चोपदारानं तिथं जाऊन ऐकून घ्यायचं. आज गाऱ्हाणं पाण्याच्या टँकरचं. ते सांगायला पुढं झालेल्या माणसाच्या तोंडात दात थोडे, शब्द नीट कळत नाहीत. तरी हजारो माणसं थांबलीत.

त्यानंतर सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. सकाळी कधी निघायचं ते सांगितलं जातं. मग आरती.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांच्याकडे दिंडीच्या भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणखर्चाच्या वर्गणीचे, पैसे नाहीत, ती इथं नाहीत, म्हणून आमच्या चित्रातही नाहीत. आणि आम्ही जेवढं टिपलं त्यात वीणा एकाही आजीच्या गळ्यात दिसली नाही.

(दृश्य : रात्र. ट्रकशेजारी, चार्जिंगला लावलेल्या फोनच्या उजेडात बाबांचा चेहरा.)

मुलाचा फोन. स्पीकर चालू राहिलेला.

"बाबा, पाय सुजले असतील. उद्या ट्रकमध्ये बसा. आणि पुढच्या वर्षी नको आता. घरीच हरी हरी करा."

"बरं," बाबा म्हणाले. फोन ठेवला. शेजारच्याला हलवून विचारलं,

"सकाळी किती वाजता निघायचं म्हणाले रे?"