टाळू फुगते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. ३२ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांना लागून, अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळात ते विरून गेलेलं असतं. रक्तदाब वरखाली झाला, श्वास अडखळला, की ते फुटू शकतं. बहुतेकदा पहिल्या ७२ तासांतच. थोडं रक्त आपोआप जिरतं. पोकळ्याच रक्तानं भरल्या, तर मात्र गुठळ्या पाण्याची वाट अडवतात, पुढे वण धरतात, आणि काही आठवड्यांत पोकळ्या फुगू लागतात.

टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत हे आधी दिसतं, डोकं नंतर वाढतं. घेर आठवड्यात दोन सेंटिमीटर वाढला, टाळू ताठ झाली, कवटीच्या शिवणी फाकल्या, म्हणजे बराच उशीर झालेला असतो.

'मग शंट लगेच का बसवत नाही?' हा आईवडिलांचा पहिला प्रश्न, आणि रास्तच. शंट म्हणजे मेंदूतलं जादा पाणी पोटात उतरवणारी नळी, मधे व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, असलेली. बाळ जेमतेम किलोभर, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि पाण्यात रक्त नि प्रथिनं इतकी की व्हॉल्व्ह तुंबणारच. औषधांनीही भागत नाही. असिटाझोलमाइड आणि फ्युरोसेमाइड ही जोडी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायद्याची नव्हे, अपायाचीच ठरली.

म्हणून मधला उपाय रिझर्व्हॉयरचा. टाळूच्या कडेनं पोकळीत नळी सोडतात आणि तिच्या टोकाची सिलिकॉनची छोटी डबी कातडीखाली ठेवतात. तिच्यातून बारीक सुईनं दर किलोमागे साधारण १० मिलिलिटर पाणी काढतात. रोज की दिवसाआड, ते टाळू आणि सोनोग्राफी ठरवते. पाणी काढायला दहा मिनिटं तरी लागू द्यावीत. घाईनं ओढलं तर नाडी मंदावते, श्वास थांबतो. पाण्याबरोबर सोडियमही जातं, म्हणून रक्तातलं सोडियम तपासत राहायचं. सुईआधी कातडीवर लावलेलं जंतुनाशक वाळू द्यायचं. तेवढा कंटाळा केला तर जंतू थेट मेंदूत पोचतात.

काही बाळांचं एवढ्यावरच भागतं. बाकीच्यांना वजन दोन-अडीच किलो झाल्यावर आणि पाणी निवळल्यावर शंट बसवतात: पोकळीतली नळी, व्हॉल्व्ह, आणि कातडीखालून मान-छातीवरून पोटात उतरणारी लांब नळी. वाढत्या उंचीसाठी पोटात नळीचा भरपूर फेर सोडलेला असतो. आपल्याकडे शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट स्वस्त आहे आणि खूप वापरला जातो. दुर्बिणीनं पोकळीच्या तळाला भोक पाडण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण रक्तस्रावाच्या वणांमुळे या बाळांत ती कमी वेळा यशस्वी होते.

शंट बिघडतो, हे आधीच सांगितलेलं बरं. लहान बाळांत पहिल्याच वर्षी दहापैकी तीन-चार शंट बंद पडतात किंवा बदलावे लागतात. जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत. टाके बरे होईपर्यंत टाळूला तेल नको, जखमेवर हळद तर नकोच. आजीची समजूत काढावी लागेल. बाळाला व्हॉल्व्हच्या कुशीवर निजवू नका, आणि तो दाबूनही पाहू नका. उलट्या, सुस्ती, ताठ टाळू, खाली झुकलेली नजर, ताप, नळीच्या मार्गावर लाली, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा. जाताना डिस्चार्ज कार्ड, शंटचा प्रकार लिहिलेला कागद आणि बाळ बरं असतानाची शेवटची सोनोग्राफी किंवा स्कॅन घ्या. पोकळ्या मुळातच मोठ्या राहिलेल्या असतील, तर जुनी फिल्म शेजारी ठेवल्याशिवाय नव्या फिल्मवरून फारसं ठरवता येत नाही.