किकर कुणाकडे आहे?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल, आणि तेही २०२० सालच्या. साल सांगितलं की पुढचं समजावून सांगायला नको. दारातली साबणाची बादली, भाजी धुणं, शेजारच्या इमारतीला लावलेले बांबू, सगळं तुमच्या घरीही झालंय.

फुटबॉलचं मात्र दोन वाक्यांत सांगते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल वेगळाच. चेंडू न सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ हातातच. खांद्यांवर गाद्या, डोक्यावर हेल्मेट आणि समोरच्याला धडक. श्वास श्वासाला लागतो. दो गज की दूरी तिथे पाळायची कुणी? आणि एक शब्द लक्षात ठेवा, किकर. चेंडूला लाथ मारणारा संघातला खास माणूस. सामनाभर बाकावर बसायचं, बोलावलं की येऊन लाथ मारायची आणि परत बाकावर. हा किकर आपल्याला पुढे लागणार आहे. किकर. विसरू नका.

तर प्रश्न असा होता की महासाथीत कॉलेजच्या मुलांनी हा खेळ खेळावा का? आणि त्याहून अवघड म्हणजे, हे ठरवायचं कुणी? आपल्याकडे लग्न ठरताना होतं ना, मुलगी म्हणते आईला विचारा, आई म्हणते मामा काय म्हणतात बघा, आणि मामा म्हणतात मी कोण सांगणार? तिकडे तसंच झालं. कॉलेज खेळांची देशपातळीवरची संघटना आहे, एनसीएए. तिच्या अध्यक्षांनी मे महिन्यात सांगितलं होतं की विद्यार्थीच कॉलेजात नसतील तर खेळही नाहीत. पण मोठ्या संघांच्या फुटबॉलचं वेळापत्रक त्या संघटनेच्या हातात नसतं. ते असतं प्रादेशिक गटांच्या हातात. बिग टेन, पॅक-१२, एसईसी, एसीसी असे हे गट. जितके गट, तितकी मतं.

आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड-येल वगैरे, यांनी जुलैतच सांगून टाकलं की या मोसमात खेळ नाही. ११ ऑगस्टला उत्तरेकडच्या बिग टेन आणि पश्चिमेकडच्या पॅक-१२ यांनीही मोसम पुढे ढकलला. बिग टेनमधल्या विद्यापीठप्रमुखांनी मतदान केलं होतं, ११ विरुद्ध ३. डॉक्टरांना काळजी होती हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याची. पण दक्षिणेतल्या एसईसीने आणि एसीसीने खेळायचंच ठरवलं. विषाणू एक, देश एक, आणि उत्तरेत धोका आहे पण दक्षिणेत नाही! एसीसीतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात वर्ग भरले आणि आठवड्याभरात ऑनलाइन करावे लागले. फुटबॉलचा संघ मात्र १२ सप्टेंबरला मैदानात होता.

मग दबाव आला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विट केलं, बिग टेनच्या आयुक्तांना फोनही केला. निवडणूक तोंडावर होती. क्लेमसन विद्यापीठाचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि इतर मोठ्या खेळाडूंनी ‘आम्हाला खेळायचंय’ अशी मोहीम चालवली. ती सगळ्यांनी उचलून धरली, पण अर्धीच. मुलांनी खाली लिहिलं होतं की सगळीकडे आरोग्याचे नियम एकसारखे हवेत, ज्याला खेळायचं नाही त्याला माघारीचा हक्क हवा, आणि पुढे खेळाडूंची स्वतःची संघटना हवी. ते कुणी मोठ्याने वाचलं नाही. १६ सप्टेंबरला बिग टेन फिरलं. रोजची चाचणी होणार, हृदयाची तपासणी होणार, आणि लागण झालेला खेळाडू किमान २१ दिवस बाहेर बसणार. आठवड्याभरात पॅक-१२ पण फिरलं.

इथे माझं एक रडगाणं ऐकून घ्या. ही मुलं तेव्हा शिष्यवृत्तीवर खेळत होती, पगार शून्य. आणि अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांना वर्षाला सुमारे ९० लाख डॉलर. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात वरचं नाव राज्यपालाचं नसतं, फुटबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचं असतं. आपल्याकडे उलटंच, पीटीच्या सरांना निवडणुकीच्या याद्या करायला पाठवायचं आणि शाळेचं मैदान लग्नाला भाड्याने द्यायचं. असो. भरकटले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगते.

एसईसीने नियम केला होता की सामना व्हायचा असेल तर संघात शिष्यवृत्तीवरचे किमान ५३ खेळाडू उपलब्ध हवेत. ५३, हा आकडा धरून ठेवा. त्यातही एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, हवा, पुढच्या फळीतले अमुक इतके हवेत, असं सगळं लिहिलेलं होतं. किकरचा उल्लेख नव्हता.

नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठ आहे. अभ्यासात नाव मोठं, फुटबॉलमध्ये मार खाणारं. ऑक्टोबरात त्यांचा मिसुरी विद्यापीठाशी सामना होता. लागण आणि विलगीकरण यांमुळे ५३ जण भरेनात, म्हणून सामना पुढे गेला. फिरत फिरत तो आला २८ नोव्हेंबरला. या वेळी डोकी भरली. पण किकर? किकर सगळे विलगीकरणात!

त्याच विद्यापीठात मुलींचा सॉकर संघ आहे. त्याची गोलकीपर सेरा फुलर, सहा फूट दोन इंच उंच. २२ नोव्हेंबरला, रविवारी, या मुलींनी एसईसीची स्पर्धा जिंकली. कशी? स्पर्धेत सातवं मानांकन, म्हणजे कुणी विचारतही नव्हतं. विद्यापीठाला हे विजेतेपद १९९४ नंतर पहिल्यांदा मिळालं. आता थँक्सगिव्हिंगची सुट्टी, आपल्या दिवाळीसारखी, सगळे घरी पळायच्या बेतात. आणि हिला विचारणा झाली की जरा येऊन लाथ मारून दाखवतेस का? गोलकीपर गोलकिक मारते, पाय दणकट असतोच. शिवाय विलगीकरणाच्या त्या दिवसांत तपासून घेतलेली, जागेवर हजर असलेली, लाथ मारता येणारी व्यक्ती मिळणं म्हणजे काय! हिने मारून दाखवली. जमली. शनिवारी ती संघाबरोबर मिसुरीत.

मी कॉलेजात खो-खो खेळायचे. आमच्या बारा जणी भरल्या नाहीत तर आम्ही गुपचूप घरी यायचो. शेजारच्या मैदानावरून व्हॉलीबॉलवालीला ओढून आणावं हे आम्हाला सुचलंच नसतं.

आता सामन्यात काय झालं? पहिल्या अर्ध्यात ही बाकावर. व्हँडरबिल्टला एकही गुण करता येईना, मग किकरला काम कुठलं? दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात व्हँडरबिल्टच्या लाथेने व्हायची होती. ती आली. हेल्मेटवर मागे इंग्रजीत लिहिलेलं, ‘मुलीसारखी खेळ’. आपल्याकडे हे वाक्य शिवी म्हणून वापरतात, बांगड्या भर म्हणतात तसं. तिने ते हेल्मेटवर मिरवलं. चेंडू ठेवला, दोन पावलं मागे, आणि लाथ. चेंडू उंच गेला नाही, मुद्दाम खालून सरपटत गेला, तीसेक यार्ड. मिसुरीच्या माणसाने अंगाखाली घेतला. संपलं. एवढंच.

एवढंच, पण तेव्हाच्या मोठ्या पाच गटांच्या फुटबॉल सामन्यात बाई खेळल्याची ती पहिली वेळ.

व्हँडरबिल्ट ४१-० ने हरलं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाला काढलं. पण मध्यंतराची गोष्ट तर राहिलीच. आठवडाभरही या मुलांबरोबर नसलेली ही पोरगी ड्रेसिंग रूममध्ये उभी राहून बोलली. बाजूला उभे असताना गप्प काय बसता, आपल्या माणसांना ओरडून धीर द्या, असं सांगितलं. सहाच दिवसांपूर्वी ट्रॉफी जिंकलेली तीच एकटी होती तिथे!

ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, आणि दरवेळी मलाच गंमत वाटते. घरचे म्हणतात, पुन्हा तीच? पुन्हा तीच. पण सांगता सांगता ते ५३ डोक्यात येतात. ५३ भरले म्हणून खेळायचं, ५२ असते तर थांबायचं. बाकीचे कुठे आहेत, कसे आहेत, हे त्या आकड्यात नव्हतं. किकर आजाराच्या सावटात अडकले तर सामना थांबवावा असं कुणाला वाटलं नाही, दुसरा पाय शोधावा असं वाटलं.

आणि ज्यांनी ठरवलं होतं त्यांच्याही हातात फार काही राहिलं नाही. बिग टेनमधल्या विस्कॉन्सिनच्या नव्या क्वार्टरबॅकने मोसमातल्या पहिल्याच सामन्यात २१ पैकी २० पास पूर्ण केले, आणि लगेच तो बाधित निघाला. पुढचे दोन सामने रद्द. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा सामना १९१८ पासून एकही वर्ष चुकला नव्हता, तो चुकला. सेबन यांनाच लागण झाली आणि ऑबर्नविरुद्धचा सामना त्यांनी घरी बसून पाहिला. तरी ११ जानेवारी २०२१ ला अंतिम सामना झाला. अलाबामा ५२, ओहायो स्टेट २४.

सेरा फुलरचं पुढे काय झालं ते राहिलं. १२ डिसेंबरला, टेनेसीविरुद्ध, व्हँडरबिल्टने एकदाचे टचडाउन केले, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला. प्रत्येक टचडाउननंतर एक लाथ मारायला मिळते, खांबांमधून गेली तर एक गुण. दोनदा तिला बोलावलं, दोन्हीदा चेंडू खांबांमधून. सामना ४२-१७ ने हरले. त्या १७ मधले २ तिचे.

नमस्कार.