रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे

(सुरुवातीला फक्त वारा. निवेदन नाही.)

समोर अन्नपूर्णा. तिच्या उजव्या हाताला, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं टोक दिसतंय, ते माछापुच्छ्रे. नेपाळमधल्या पोखऱ्याजवळची ही डोंगरधार, ठुलाखर्क. खर्क म्हणजे गुरं चारायचं डोंगरावरचं कुरण. इथे आलेला कॅमेरा आपोआप हिमशिखरांकडे वळतो, आमचाही वळला. पण धारेवर गरुड मोजायला बसलेल्या या दोघांच्या दुर्बिणी बघा. शिखरांकडे त्यांची पाठ नाही, पण लक्षही नाही. ते बघतायत उजवीकडे, पूर्वेच्या रिकाम्या आभाळात.

पक्ष्यांचं स्थलांतर म्हटलं की आपण नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे बाण काढतो. इथे तो बाण आडवा पडतो. मंगोलिया, कझाकस्तान, रशियाच्या गवताळ प्रदेशांत वाढणारे स्टेपी गरुड शरदात हिमालयाच्या दक्षिण अंगाला येतात आणि उतारांचा आधार धरून पश्चिमेकडे सरकत जातात. म्हणून आज जे काही येणार, ते उजवीकडून डावीकडे.

सकाळी लवकर मात्र काहीच येत नाही. दरीत धुकं असतं, हवा जड असते. मग ऊन उतारांवर पोचतं, खडक तापतात आणि तापलेली हवा वर चढायला लागते. गरुडाला हीच हवी असते. एवढं वजन घेऊन, पंख मारत हजारो किलोमीटर जाणं त्याला परवडणारं नाही. तो वर चढणाऱ्या हवेत शिरतो, गोल फिरत उंची कमावतो आणि पंख ताठ करून पुढच्या चढत्या हवेपर्यंत घसरत जातो. दिवसभर हेच.

(गरुडांच्या घिरट्या. आवाज नैसर्गिक ठेवावा.)

आमच्या चित्रणातलं हे सगळ्यात देखणं दृश्य. मोजणाऱ्यांच्या मात्र काडीच्या उपयोगाचं नाही! फिरत्या भोवऱ्यात वरचा पक्षी खाली येतो, खालचा वर जातो, एकच गरुड तीनदा मोजला जातो. म्हणून ते थांबतात. भोवरा माथ्यावर उसवतो, एकेक पक्षी बाहेर पडून ओळीत घसरायला लागतो, आणि तेव्हा अंगठा चालतो. टिक. टिक. टिक. हातातल्या त्या छोट्या यंत्राचा आवाज ऐकू येतोय ना?

तोही लगेच नाही. समोरच्या दोन खुणांवरून मनात एक रेषा ओढलेली असते. ती ओलांडून पश्चिमेला गेला, तरच पक्षी हिशेबात. हिमालयी गिधाडं आणि दाढीवाली गिधाडं इथलीच रहिवासी. ती या रेषेवरून दिवसभर ये-जा करतात. त्यांना प्रवासी समजलात, की वहीतला आकडा फुगलाच.

आता हा गरुड. पंखाखाली रुंद पांढरा पट्टा आहे, म्हणजे पक्षी अजून कोवळ्या वयाचा. प्रौढात हा पट्टा नसतो. वहीत दोघांचे रकाने वेगळे, कारण कोवळ्या पक्ष्यांचं प्रमाण बघून दूरच्या गवताळ प्रदेशातली वीण कशी झाली, याचा अंदाज बांधता येतो. आणखी एक रकाना आहे, 'ओळख पटली नाही'. नवख्याला त्याची लाज वाटते. अनुभवी माणूस तो बिनधास्त भरतो.

गंमत म्हणजे निरभ्र निळं आभाळ मोजणाऱ्यांना नको असतं. निळ्यात ठिपका हरवतो. पांढऱ्या ढगावर तो लगेच उठून दिसतो.

या गरुडाचं शास्त्रीय नाव ॲक्विला निपालेन्सिस, म्हणजे नेपाळचा. 1833 मध्ये ब्रिटिश निसर्गअभ्यासक ब्रायन हॉजसन यांनी ते दिलं. प्रत्यक्षात हा पक्षी इथे वीण करत नाही. वाटसरूला वाटेवरच्या गावाचं नाव मिळालं, ते कायमचं चिकटलं.

(वहीचं पान, जवळून.)

दर तासाला एक ओळ. वारा, ढग, दृश्यता, मग पक्षी. आकडे आम्ही वाचून दाखवत नाही, पानावर ते स्पष्ट आहेत. फक्त ही ओळ बघा. इथे शून्य लिहिलंय. जागा कोरी सोडलेली नाही. कोरी असती, तर त्या तासाला कुणी बघतच नव्हतं, असा अर्थ झाला असता. शून्य लिहायलाही तासभर मान वर करून बसावं लागतं. इथे 2012 पासून शरदात अशी मोजणी होते, आणि अशा शून्यांमुळेच एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाच्या शेजारी ठेवता येतो.

2015 मध्ये स्टेपी गरुडाचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' वर्गात गेलं. डायक्लोफिनॅक हे गुरांना द्यायचं वेदनाशामक, पण ते दिलेलं मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांना ते विष ठरतं. भारतात गुरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, तरी पुढे राजस्थानात मेलेली जनावरं टाकायच्या जागेवर सापडलेल्या मृत गरुडांमध्ये तेच औषध आढळलं.

(उतरतं ऊन. लांब सावल्या.)

उतार थंड होतायत, हवा बसायला लागलीय. उशिरा आलेला हा एकटाच गरुड उंची टिकवू शकत नाहीये. दोन्ही दुर्बिणी त्याच्यावर, अंगठा यंत्रावर. तो खाली येतो, आणखी खाली, आणि पलीकडच्या उतारावरच्या एका वाळक्या झाडावर पाय टेकतो.

रेषेच्या अलीकडे. आजच्या पानावर तो नाही.