सिमेंट चिकटवत नाही

नमस्कार श्रोतेहो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला डॉक्टर म्हणाले, "खुब्याचा सांधा बदलू, सिमेंट घालून," की घरचे दचकतात. सिमेंट? बांधकामाचं? नाही हो. दातांची कवळी ज्या ॲक्रिलिकची असते, त्याच जातकुळीतलं हे. पावडर आणि द्रव घोटले की कणकेसारखा गोळा होतो. तो मांडीच्या हाडाच्या पोकळीत दाबून भरायचा, वरून धातूचा दांडा बसवायचा, की दहा-बारा मिनिटांत दगड. घट्ट होताना चांगलं गरमही होतं. आणि हे डोक्यात पक्कं बसवा: सिमेंट चिकटवत नाही, फट भरतं. डिंक नव्हे, भराव.

हे सगळं रुळवलं इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी, राइटिंग्टन रुग्णालयात. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववतच नाही. 1958 पासून त्यांनी सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनची वाटी बसवली. वाटी म्हणजे दांड्याच्या टोकाचा गोळा ज्यात फिरतो ती. हो, तव्यावरचं टेफ्लॉन. रुग्ण खूश, डॉक्टर खूश. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, आणि झिजेच्या भुकटीने आजूबाजूचं हाड खाल्लं. चार्नलींनी काय करावं? तोच पदार्थ स्वतःच्या मांडीत घालून घेतला, आणि तिथे गाठी आल्या. दोष सिमेंटात नव्हता, वाटीत होता.

त्याच सुमारास एक विक्रेता यंत्रमागाच्या दातेरी चाकांचं प्लॅस्टिक घेऊन आला. पॉलिइथिलीन. चार्नलींच्या कार्यशाळेतले कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी तुकडा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी त्यात अंगठ्याचं नख रुतवलं, "वेळ वाया घालवतोस," म्हणाले आणि निघून गेले. पुढे ते परिषदेसाठी कोपनहेगनला गेले. क्रेव्हननी काय केलं असेल? तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि बटण दाबलं. यंत्र रात्रंदिवस फिरत राहिलं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही! 1962 च्या नोव्हेंबरमध्ये पॉलिइथिलीनची वाटी पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसली. पुढे चार्नली 'सर' झाले. क्रेव्हन? त्यांचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलंत ना? साहेब नाही म्हणाल्यावरही यंत्र चालू करणारा माणूस प्रत्येक खात्यात एक तरी हवा. असो, भरकटलो.

तर म्हातारपणी सिमेंट का? बिनसिमेंटचा दांडा हाडात ठोकून घट्ट बसवतात, मग हाड हळूहळू त्याला धरतं. तरुण हाडाला ते झेपतं. म्हाताऱ्या हाडाची पोकळी रुंद आणि भिंत पातळ. ठोकताना किंवा नंतर पडल्यावर ते तडकू शकतं. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या, खुबा मोडलेल्या 1225 रुग्णांची तुलना 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात फक्त गोळा बदलला होता, वाटी मूळचीच. दांड्याभोवतीचं हाड मोडल्याचं प्रमाण सिमेंटवाल्यांत 0.5 टक्के, बिनसिमेंटवाल्यांत 2.1 टक्के. चार महिन्यांनी रोजचं जगणंही सिमेंटवाल्यांचं थोडं बरं होतं. 'सिमेंट म्हणजे जुनी पद्धत' असं कुणी म्हटलं तर हे आकडे सांगा. जुनं आहेच, आणि टिकतंही. अमेरिकेत चार्नली पद्धतीचे दोन हजार सांधे तपासले, तेव्हा पंचवीस वर्षांनी पाचांतले सुमारे चार पुन्हा बदलावे लागलेले नव्हते.

धोका आहे, लपवणार नाही. सिमेंट दाबून भरताना हाडातली चरबी रक्तात जाऊ शकते, रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम घसरू शकतात. म्हणून सर्जन मोठ्याने सांगतो, "सिमेंट घालतोय," आणि भूलतज्ज्ञ पडद्यावरची नजर हटवत नाही. हृदय किंवा फुप्फुस कमजोर असेल तर हा मुद्दा आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

सिमेंट टेबलावरच घट्ट झालेलं असतं, म्हणून बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात, पायावर भार देऊन. घरचे म्हणतात, "अहो, इतक्यात कशाला?" इतक्यातच! पडून राहिलं की छातीत कफ, पायात गुठळ्या, पाठीला जखमा. सुरुवातीचे काही आठवडे खुर्ची उंच हवी, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून वस्तू उचलायची नाही. गोळा वाटीतून निसटू शकतो. आणि ती गुळगुळीत फरशी! माझा तिच्यावर जुना राग आहे. निदान न्हाणीघरात धरायला दांडी लावा आणि रात्री दिवा चालू ठेवा.

पुढच्या वेळी गुडघा. नमस्कार.